ओठ हलत नव्हते तेव्हाची प्रार्थना

सकाळचे नऊ वाजले असतील. फिजिओथेरपीची मुलगी नेहमीसारखी आली, माझा डावा हात उचलून तिनं स्वतःच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "ताई, अंगठा आत आणायचा प्रयत्न करा." ती एकोणीस दिवस हेच म्हणत होती, आणि एकोणीस दिवस मी मनातल्या मनात सगळी ताकद लावत होते. हात मात्र बाजारातून आणलेल्या माशासारखा गार पडून असायचा.

त्या दिवशी अंगठा हलला!

हलला म्हणजे किती? नखभर. तिलाही खात्री वाटेना. "परत करा," ती म्हणाली. मी परत केलं. ती ओरडली, "सिस्टर! अहो सिस्टर, हलला!" दोन सिस्टर धावत आल्या. पलीकडच्या खाटेजवळ फरशी पुसणाऱ्या मावशी फडकं हातात घेऊन तशाच आल्या. माझ्या एका अंगठ्याभोवती चार बायका उभ्या होत्या, आणि मी घशात नळी असल्यामुळे हसूही शकत नव्हते. फक्त डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मावशींनी ते आपल्या पदरानं पुसलं.

हे आधी सांगितलं, कारण तुम्ही कदाचित हे एखाद्या आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून वाचत असाल. आत तुमचं माणूस निपचित पडलं असेल. पुढे मी भीतीचं, भांडणांचं बरंच लिहिणार आहे. ते वाचताना अंगठा विसरू नका.

मी कोण होते

माझं नाव सुनंदा. पिरंगुटला राहते. आधी शाळेत शिकवायचे, मग नोकरी सोडून आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चची, पूर्ण वेळ सेविका झाले. मंडळी म्हणजे साधारण तीस कुटुंबं. बहुतेक नगर आणि मराठवाड्याकडून इथल्या कारखान्यांत कामाला आलेली. एका हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल आम्ही भाड्यानं घेतला आहे. रविवारी तिथं उपासना, बाकी दिवस माझी स्कूटर आणि घरोघरच्या भेटी. कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीचं लग्न ठरत नाही, कुणाचा नवरा पितो. मी जायचे, बसायचे, चहा घ्यायचे, प्रार्थना करायचे. आठवड्याला वीस घरं सहज व्हायची. लोक म्हणायचे, "ताईंनी प्रार्थना केली की मन हलकं होतं." माझा आवाज चांगला होता, शब्द चांगले होते, हे मला माहीत होतं.

आता जे लिहिते आहे ते लिहायला मला बरेच महिने लागले. त्या काळात मी स्वतः, एकटीनं, दार लावून प्रार्थना केल्याला सहा वर्षं झाली होती.

हे मुद्दाम झालं नव्हतं. सुरुवातीला वाटायचं, आज धावपळ आहे, उद्या. मग वाटायला लागलं की दिवसभर प्रार्थनाच तर करते, आणखी वेगळी कशाला? स्वयंपाक करणारी बाई दिवसभर चव बघते आणि शेवटी जेवतच नाही, तसं. प्रार्थना माझं काम झालं होतं. आणि गंमत म्हणजे 'एकांतातली प्रार्थना हा सेवेचा पाया आहे' या विषयावर मी दरवर्षी प्रवचन द्यायचे. चांगलं व्हायचं ते प्रवचन. त्याची वही अजून आहे.

माल्याला

गुरुवारी मी माल्याला, म्हणजे पौडजवळच्या माले गावाला, जायचे. तिथं आमच्या मंडळीतली तीन घरं आहेत. परतताना हौसाबाईंकडे पाच मिनिटं टेकायची सवय होती. हौसाबाई धनगर, साठीच्या पुढच्या. मेंढरं, थोडी भातखाचरं, आणि जिभेला हाड नाही. त्या त्यांच्या देवाला मानतात, मी माझ्या. त्यावरून आमचं कधी वाजलं नाही. त्यांच्या सुनेच्या बाळंतपणात मी दवाखान्यात बसले होते, तेव्हापासूनची ओळख.

त्या आठवड्यात मला चार दिवस पोट बिघडण्याचा त्रास होऊन गेला होता. तो थांबला आणि मग पायांना मुंग्या यायला लागल्या. मी मोज्यांना दोष दिला. हौसाबाईंच्या ओट्यावर मी चहा प्यायले, बशी खाली ठेवली आणि उठायला गेले. उठताच येईना. कमरेखाली कुणीतरी वाळूची पोती बांधली आहेत असं वाटलं. मी हसून म्हणाले, "बसून बसून पाय झोपले."

हौसाबाईंनी माझ्या पोटरीला चिमटा काढला. "दुखलं का?"

"थोडं."

"थोडं न्हाई, मी लई जोरात काढलाय. बाई, हे काय साधं न्हाई. आमच्या मेंढराला असं झालं तरी आमी बसत न्हाई."

मी म्हणाले, "एक मिनिट प्रार्थना करते, मग निघू."

"द्येवाला वाटंत सांगा," त्या म्हणाल्या. "आदी दवाखाना."

त्यांनी रस्त्यावर उभं राहून टमटम थांबवली, सुनेला घेऊन मला दोन्हीकडून धरून आत बसवलं आणि पौडच्या दवाखान्यापर्यंत स्वतः आल्या. तिथल्या डॉक्टरांनी बघितलं आणि ताबडतोब पुण्याला पाठवलं. हौसाबाईंनी माझी एक प्रार्थना अडवली आणि माझा जीव वाचवला, असं मी अजून सगळ्यांना सांगते.

नाव कळलं तो दिवस

पुण्याच्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण आली. तिनं रबरी हातोडीनं गुडघ्यावर मारलं. पाय उडाला नाही. दुसरा गुडघा, मग घोटा, मग कोपर. काहीच नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती चेहरा लपवायला अजून शिकली नव्हती.

तोवर माझा नवरा प्रकाश कंपनीतून तसाच, ग्रीसचे हात घेऊन आला होता. तो पिरंगुटच्या एका कारखान्यात फिटर आहे. त्याला डॉक्टरीणबाईंनी समजावलं: जीबीएस. पोटातल्या जंतूंशी लढताना शरीराची फौज चुकून स्वतःच्याच नसांवर उलटते. "हे पायांकडून वर चढतं," त्या म्हणाल्या. "किती वर जाईल सांगता येत नाही. श्वासापर्यंत गेलं तर काही दिवस मशीन लावावं लागेल. पण बहुतेक पेशंट बरे होतात. आधी खाली जातात, मग वर येतात."

"किती खाली?" प्रकाशनं विचारलं.

त्यांनी माझा पाय हलकेच पांघरुणाखाली सरकवला.

संध्याकाळपर्यंत मला चमचा धरता येईना. दुसऱ्या दिवशी पाणी पिताना ते नाकातून आलं. तिसऱ्या दिवशी मी एक वाक्य बोलायला तीनदा श्वास घेत होते. माझी मुलगी रूथ हिंजवडीत नोकरी करते, ती लॅपटॉपच्या बॅगेसकट येऊन उभी राहिली. मला तिला काहीतरी मोठं, लक्षात राहील असं सांगायचं होतं. पण मी म्हणाले, "फ्रीजमधलं... पीठ... टाकून दे." मग घशात नळी गेली आणि आवाज संपला.

छताखाली

आयसीयूत दिवस नसतो, फेऱ्या असतात. स्पंजची फेरी, औषधांची फेरी, डॉक्टरांची फेरी, कूस बदलण्याची फेरी. मला सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. पापण्या सोडून काहीही हलत नव्हतं. नाकावर माशी बसली तर ती तिच्या मर्जीनं उठायची.

साहजिकच मी प्रार्थना सुरू केली. दुसरं करण्यासारखं होतंच काय! मनात वाक्यं उमटायला लागली, सुंदर, गोलाईदार. "हे करुणामय पित्या, या घडीला..." आणि मध्येच मी थांबले. 'करुणामय' की 'कृपाळू'? मी शब्द निवडत होते! कुणासाठी? तिथं मंडळी नव्हती. आमेन म्हणायला कुणी नव्हतं. वर छत होतं आणि त्यात एसीची जाळी. मला कळलं की ऐकणारं माणूस समोर नसेल तर मला प्रार्थनाच करता येत नाही. असा घाम मला आजारानंही फोडला नव्हता.

दोन दिवस मी मनातही गप्प राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर नळीतला कफ काढायला आली. ज्यांनी ते अनुभवलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही त्यांना सांगत नाही. ती हातमोजे चढवत होती आणि माझ्या आतून एक वाक्य बाहेर पडलं. "मला भीती वाटते." त्याला आगा नव्हता, पिछा नव्हता, 'हे प्रभू'ही नव्हतं. लगेच दुसरं आलं. "जाऊ नकोस."

कफ काढणं तितकंच वाईट झालं. कुठलं दिव्य तेज दिसलं नाही, वाणी ऐकू आली नाही. भीती होती तिथंच होती, पण त्या भीतीत मी एकटी नव्हते. एवढंच. आणि हे 'एवढंच' मला सहा वर्षांत मिळालं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी मी देवाशी भांडले. सगळं काढलं. मी थकले आहे म्हणून सांगितलं. हिंजवडीच्या मंडळीच्या नव्या पाळकाचा हॉल भरतो आणि आमचा भरत नाही याचा मला मत्सर वाटतो, हेही सांगितलं. मंडळीतल्या एका बाईसाठी मी दर आठवड्याला प्रार्थना करते आणि ती मला मुळीच आवडत नाही. रूथचं बारावीचं वर्ष मी दुसऱ्यांच्या मुलांसाठी प्रार्थना करण्यात घालवलं. सांगत गेले, सांगत गेले. कुणी मला थांबवलं नाही.

आणि मग काय झालं माहीत आहे? मी वाट बघायला लागले! स्पंज झाल्यावर औषधांची फेरी येईपर्यंत थोडा निवांत वेळ मिळायचा. तो आमचा वेळ. पापणीपलीकडे काही हलवता न येणारी बाई सकाळी उठून मनात म्हणायची, 'चला, आता स्पंज उरकू दे, मला बोलायचंय.' लग्न ठरल्यावर प्रकाशच्या पत्राची वाट बघायचे, तशी. कधी बोलायचे, कधी नुसती पडून राहायचे. मागण्या कमी झाल्या. मशीनचा आवाज चालू असायचा आणि त्या आवाजाखाली एक शांतता असायची. तिच्यात मी जाऊन बसायचे.

मी बरी होईन असं मला कुणी तिथं सांगितलं नाही. हे स्पष्ट लिहिते, कारण पुष्कळ लोक मला तसं विचारतात.

बाहेरच्यांची गडबड

मंडळीनं साखळी-प्रार्थना लावली होती. लोक आळीपाळीनं उपवास करत होते. त्यांचं प्रेम मी विसरणार नाही. पण एक दुपार मला लिहायलाच हवी.

आमच्या मंडळीचे वडील, म्हणजे कारभार बघणारे ज्येष्ठ, याकोबभाऊ भेटीच्या वेळेत आले. सत्तरीचे, कडक, बायबलची वचनं तोंडपाठ. ते माझ्या खाटेच्या पायाशी प्रकाशला हळू आवाजात म्हणाले, "प्रकाश, रागावू नकोस. पण घरात काही लपलेलं पाप आहे का, ते तपासून बघ. इतक्या प्रार्थना चालल्यात आणि उतार नाही, म्हणजे कुठंतरी अडथळा आहे."

प्रकाश हा चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस. उपासनेत शेवटच्या रांगेत बसतो. मी त्याला अनेकदा म्हणाले होते, 'सेविकेचा नवरा आहेस, निदान एकदा उभा राहून प्रार्थना कर.' तो कधीच उभा राहिला नाही.

तो म्हणाला, "भाऊ, तिला ऐकू येतं."

"मी तिच्या भल्यासाठीच..."

"भाऊ, तिला ऐकू येतं," तो परत म्हणाला. मग त्यानं त्यांचा दंड धरला आणि त्यांना दारापर्यंत नेऊन सोडलं. परत येऊन माझ्या कपाळावर हात ठेवून उभा राहिला. 

नाक

रूथनं एक पुठ्ठा आणला. त्यावर मोठ्या अक्षरांत सगळी मुळाक्षरं लिहिली होती. ती ओळीवर बोट ठेवायची, बरोबर असेल तर मी पापणी मिटायची. मग अक्षर, मग काना-मात्रा. पहिल्या दिवशी प्रकाश आणि ती दोघं श्वास रोखून बसले होते. दोन आठवड्यांनी आईचा पहिला शब्द! रूथ अक्षरं जोडत गेली. न. ना. क.

"नाक?" ती म्हणाली. "नाक काय? मम्मी, ब्रीदिंगचा प्रॉब्लेम होतोय का?"

मी जोरात पापण्या मिटत उघडत राहिले. शेवटी प्रकाशला कळलं. त्यानं माझं नाक खाजवलं. अहाहा! ते सुख मी शब्दांत मांडू शकत नाही. रूथ हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि सिस्टरनं दोघांना गप्प बसायला सांगितलं.

तर लक्षात ठेवा, तुमचं माणूस बोलू शकत नसेल तर आधी नाक खाजवून बघा. मोठ्या गोष्टी नंतर.

चार दिवसांनी, पुठ्ठ्याची सवय झाल्यावर, मी प्रकाशला एक प्रश्न विचारला. जुळवायला बराच वेळ लागला. 'तू प्रार्थना करतोस?'

तो ओशाळला. इकडेतिकडे बघितलं. "करतो की."

'कधी?'

"सकाळी. कंपनीची बस येईपर्यंत. स्टॉपवर."

'किती वर्षं?'

"पंधरा तरी झाली असतील. या कंपनीत लागलो तेव्हापासून."

'काय म्हणतोस?'

"विशेष काही नाही गं. तुझं नाव घेतो. रूथचं घेतो. मग जरा गप्प उभा राहतो. मग बस येते."

 ज्या माणसाला मी प्रार्थना शिकवायला निघाले होते, तो पंधरा वर्षं रोज सकाळी पिरंगुटच्या स्टॉपवर, ट्रकच्या धुळीत, देवाजवळ उभा राहत होता. मी त्याच वेळी खिडकीतून ओरडत असायचे, 'डबा विसरलास!'

'सांगितलं नाहीस,' मी जुळवलं.

"तू विचारलं नाहीस," तो म्हणाला. रागानं नाही. जे होतं ते.

वर येताना

मग अंगठा. ते सांगून झालंच आहे! अंगठ्यामागून बोटं, मग मनगट. श्वासाचं मशीन आधी अर्धा तास बंद ठेवत, मग दोन तास, मग दिवसभर. ज्या सकाळी मी स्वतःच्या श्वासावर डॉक्टरांची संपूर्ण फेरी काढली त्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. आवाज परत आला तेव्हा तो माझा नव्हता. दार करकरावं तसा होता. प्रवचनाचा गोड आवाज गेला तो गेलाच. आजही माझा आवाज फाटका आहे.

पहिल्यांदा खाटेच्या कडेला बसवलं तेव्हा मी भाजीच्या जुडीसारखी एका बाजूला कलंडले. पण खिडकीतून एक बदामाचं झाड दिसलं. इतके दिवस मी छत बघत होते! झाड बघून मला इतका आनंद झाला की मी फिजिओच्या मुलीला म्हटलं, "पडू दे मला, पण उद्या परत बसव."

घरी आले तेव्हा वॉकर होता आणि पायांत अशी आग की चादरीचा स्पर्श सोसायचा नाही. हौसाबाई माल्याहून बसनं आल्या. एका पिशवीत गावठी अंडी आणि तांदूळ. मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "लई वाळलात. पर डोळं चांगलं झाल्यात. आदी नुसतं पळायचं तुमचं डोळं."

घरी मात्र सगळं गोड नव्हतं. वॉकरवर दारापर्यंत जाता येऊ लागलं आणि मी लगेच म्हणाले, "पुढच्या आठवड्यापासून एक-दोन घरांच्या भेटी सुरू करते." प्रकाश भाकरी मोडत होता. त्यानं ताट बाजूला सारलं.

"मी रोज तुला परत मागत होतो," तो म्हणाला. "मंडळीला परत द्यायला नव्हतो मागत."

तीन दिवस आम्ही नीट बोललो नाही. त्याचं चुकत नव्हतं. माझंही पूर्ण चुकत नव्हतं, कारण मला खरोखर जायचं होतं. आधीसारखं नाही, पण जायचं होतं. चौथ्या दिवशी सकाळी मी त्याला म्हणाले, "मला स्टॉपपर्यंत घेऊन चल." घरापासून स्टॉप दोनशे पावलं. मला पाऊण तास लागला. आम्ही दोघं बस येईपर्यंत गप्प उभे राहिलो. शेजारी डबे घेतलेले कामगार, हिंदीत फोनवर बोलणारी पोरं, कुत्री. मग तो म्हणाला, "आठवड्यात दोन घरं. जास्त नाही."

"दोन," मी म्हणाले.

हॉलमध्ये

आजार सुरू झाल्याला आठ महिने झाले होते. मंडळीच्या वडिलांनी माझ्यासाठी मोठी साक्ष-सभा ठरवली, म्हणजे देवानं कसं वाचवलं ते मी सगळ्यांसमोर सांगायचं. आजूबाजूच्या मंडळ्यांना निमंत्रणं. बॅनरचा नमुना मला मोबाईलवर दाखवला. माझा फोटो आणि मोठ्या अक्षरांत 'मृत्यूवर विजय मिळवणारी प्रार्थनावीर'.

मी वडिलांची बैठक मागितली. पाच जण होते, मध्ये याकोबभाऊ. हॉलचा जिना मी आठ महिन्यांनी पहिल्यांदा चढले, प्रत्येक पायरीला थांबून. 

"हा बॅनर लावू नका," मी माझ्या फाटक्या आवाजात म्हणाले. "हे खोटं आहे. मी प्रार्थनावीर नव्हते. आजारी पडण्याआधी सहा वर्षं मी एकटीनं प्रार्थना केलेली नाही. तुमच्यासमोर केली, तुमच्या घरी केली. देवाजवळ गेले नाही. तुम्हाला मी जे वाढत होते ते शिळं होतं. तुम्हाला वाटलं तर मला सेवेतून काढा. पण सभा घ्यायची असेल तर मी हेच सांगणार."

 खाली दुकानात कुणीतरी पत्रा कापत होतं, त्याचा आवाज येत होता. मला वाटलं, संपलं. इतक्या वर्षांची सेवा या जिन्यावरून खाली जाणार. आणि तरीही, कसं सांगू, मला आतून इतकं हलकं वाटत होतं की हसू येत होतं!

याकोबभाऊ टेबलाकडे बघत होते. ते म्हणाले, "बायको गेल्यापासून मी पण नाही केली." त्यांनी चष्मा काढला. "वचनं पाठ आहेत म्हणून चालून जातं. अकरा वर्षं." मग माझ्याकडे बघून, "त्या दिवशी दवाखान्यात मी जे बोललो... मी माझंच पाप शोधत होतो बहुतेक, तुझ्या घरात."

मी उठून त्यांच्याजवळ जाऊ शकले नाही, पाय तेवढे झटपट चालत नव्हते. तेच उठून आले.

सभा झाली नाही. त्याऐवजी गुरुवारी सकाळी आम्ही हॉलमध्ये अर्धा तास गप्प बसतो. ज्यानं त्यानं आपापलं बोलावं, मनात. त्यानंतरच कुणाच्या घरी जायचं. हे सगळ्यांना रुचलं नाही. चार कुटुंबं दुसऱ्या मंडळीत गेली. तिथं गाणी जोरात असतात, प्रार्थना जोरात असते. मला वाईट वाटलं. पण जे राहिले ते कुणाच्या घरी जातात तेव्हा त्यांच्या हातात काहीतरी असतं. मला ते दिसतं. आमचे दोन तरुण कामगार आता रात्रपाळी संपवून आजाऱ्यांकडे जातात, काही बोलत नाहीत, कपडे धुऊन देतात, निघतात.

पल्लवी

मागच्या महिन्यात नेरे गावाहून एका अनोळखी बाईचा फोन आला. "तुमी त्या आजारातनं बऱ्या झालात म्हणं. आमची सून तसलीच पडलीया. मशीनवर हाय. येता का? आमी तुमच्यातले न्हाई, पर येता का?"

सून पल्लवी, सव्वीस वर्षांची. घरचे पिढ्यान्‌पिढ्या नेऱ्याचे शेतकरी, आता खोल्या भाड्यानं देतात. मी प्रकाशबरोबर हॉस्पिटलात गेले. आत जाण्याआधी बाहेरच्या बाकावर बसले. पूर्वी मी अशा वेळी कोणती प्रार्थना करायची ते मनात जुळवून ठेवायचे. या वेळी स्वतःचंच सांगितलं. 'मला या वासाची भीती वाटते. त्या मशीनच्या आवाजाची वाटते. चल माझ्याबरोबर.' आणि काठी घेऊन उठले.

पल्लवी छताकडे बघत पडली होती. ती नजर मी ओळखते. सासू खाटेजवळ उभी होती, पदर तोंडाला लावून. मी काठीच्या आधारानं दारातून खाटेपर्यंत चालत गेले आणि तिच्या डोळ्यांसमोर वाकले. "पल्लवी, मी सुनंदा. मी पण अशीच होते. अगदी अशीच. अंगठासुद्धा हलत नव्हता. तुला सगळं ऐकू येतं, मला माहीत आहे."

तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावर आले. मग हळूहळू खाली, माझ्या पायांकडे गेले. तिथंच थांबले.

"काय बघतीया ती?" सासूनं विचारलं.

मला कळलं. मी काठी प्रकाशच्या हातात दिली. आजारानंतर काठीशिवाय मी घराबाहेर कधी चालले नव्हते. भिंतीला हात न लावता मी खाटेपासून दारापर्यंत गेले, वळले, आणि परत आले.  सिस्टर थांबून बघत होती. पल्लवीनं पापण्या घट्ट मिटल्या, उघडल्या, परत मिटल्या. कडांनी पाणी ओघळलं.

तिची सासू माझ्या दंडाला धरून म्हणाली, "बाई, अजून एकदा चाला की. ती बघतीया."

मी पुन्हा दारापर्यंत गेले, आणि चालत आले.